‘कमी होणे’ नव्हे, ‘ओसरणे’
इंग्रजी शब्दसंग्रह : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांमधल्या इंग्रजी शब्दांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. सदराच्या रीतीप्रमाणे इंग्रजी शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. वहीत मात्र ते इंग्रजी लिपीतच उतरवा. त्याचं कारण तिसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीयूईटीसाठी (विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) गाइडमधले बाराशे शब्द दोनदा पाठ केले. कुणी अर्थ विचारला तर सांगता येतो. पण सराव पेपरात चारांपैकी दोन पर्याय बरोबरच वाटतात आणि मी नेमका चुकीचा टिपते. वहीचं एक पान सोबत पाठवते आहे.
– विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : चूक त्या पानावरच दिसते. तू लिहिलं आहेस : अबेट – कमी होणे. ॲलीव्हिएट – कमी करणे. मिटिगेट – कमी करणे. कर्टेल – कमी करणे. डिमिनिश – कमी होणे. ड्विंडल – कमी होणे. सहा शब्द आणि सहांना मिळून एकच अर्थ. पेपर काढणारा यांतले दोन शब्द शेजारी शेजारी ठेवतो आणि कोणता बसतो ते विचारतो. तुझ्या वहीनुसार दोन्ही बसतात. म्हणजे पाठांतर पक्कं आहे, पण जे पाठ केलंस तेच अर्धवट होतं.

गंमत अशी की नेमका अर्थ सांगणारे शब्द तुझ्याकडे लहानपणापासून आहेत. पूर कमी होत नाही, ओसरतो. वादळ, ताप, रागही ओसरतो. अबेट म्हणजे हेच, जोर आपसूक उतरणं. पटावरची मुलं किंवा सभेची गर्दी रोडावते, ते ड्विंडल : हळूहळू, थोडं थोडं करत संपत चाललेलं. खर्चाला आपण हात आखडता घेतो, भाषण आवरतं घेतो, ते कर्टेल. यात बाहेरून कुणीतरी कात्री लावलेली असते, म्हणून कुणाच्या स्वातंत्र्यावर गदा आली तरी हाच शब्द येतो. वेदना, दुःख, गरिबी यांचा भार हलका करणं ते ॲलीव्हिएट. दुखण्याचं मूळ तिथेच असेल, पण माणसाला आराम पडतो. मिटिगेट हा धोका, हानी, शिक्षा, परिणाम यांच्यासोबत येतो, म्हणजे तीव्रता सौम्य करणं. आणि डिमिनिश म्हणजे साधं घटणं, आकाराने किंवा महत्त्वाने.

तेव्हा पहिला नियम हा की शब्दकोशातला पहिला अर्थ उचलायचा नाही. मराठीत आपण तिथे खरोखर काय म्हणू, ते शोधायचं. तो मराठी शब्द घरात, बाजारात, शेतात वापरला जाणारा असला तर उत्तम. दुसरा नियम, शब्द एकटा लिहायचा नाही, त्याची सोबत लिहायची. ‘स्टॉर्म अबेट्स’, ‘मिटिगेट द रिस्क’, ‘ॲलीव्हिएट पेन’ अशा जोड्या. पेपरात रिकाम्या जागेच्या पुढे-मागे हीच सोबत छापलेली असते, आणि दोनपैकी बरोबर पर्याय तिच्यावरूनच कळतो.

आता कार्ड कसं करायचं ते. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद, साधारण ३ × ५ इंच. पुढच्या बाजूला नेमका मराठी अर्थ, त्याखाली इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी रेघ आणि फक्त पहिलं अक्षर. मागच्या बाजूला पूर्ण शब्द, त्याची जात (नाम, क्रियापद, विशेषण), दोन सोबती, आणि उच्चारात जोर कुठे येतो तिथे रेघ. बहुतेक मुलं उलटं करतात : पुढे इंग्रजी, मागे मराठी. त्यात शब्द ओळखीचा वाटतो आणि ‘येतंय की’ म्हणून कार्ड बाजूला पडतं. ओळखणं आणि आठवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना आठवावंच लागतं, म्हणून तो सराव टिकतो.

शेवटचं, ते सहा शब्द एका दिवशी, एका पानावर घेऊ नकोस. सारख्या अर्थाचे शब्द एकदम शिकले की ते एकमेकांत मिसळतात. भाषा शिकवण्यावरच्या अभ्यासांतही हे दिसलं आहे. आधी दोन, आठवड्याने आणखी दोन. सगळे सुटे सुटे पक्के झाले, म्हणजे साधारण महिन्याने, एका कागदावर शेजारी मांडून फरक तपासायचा. वर्णानुक्रमाच्या यादीचंही तेच होतं. अबेस, अबॅश, अबेट, अबेट (शेवटचे दोन वेगळे शब्द आहेत, फरक तिसऱ्या उत्तरात) असे एका रांगेत घोकले की डोळा पहिल्या दोन-तीन अक्षरांवरच थांबतो.

प्रश्न : मुलाच्या क्लासमध्ये रोज ४० शब्द देतात. पहिले काही आठवडे छान गेले, आता तो वही उघडायलाच तयार नाही. परीक्षेला चार महिने आहेत. रोज किती शब्द योग्य?
– पालक, नाशिक

उत्तर : मुलगा आळशी झालेला नाही, हिशेबच तसा आहे. शिकलेला शब्द टिकायचा तर साधारण १, ३, ७, १६ आणि ३५ व्या दिवशी तो पुन्हा समोर यायला हवा, म्हणजे पाच उजळण्या. रोज ४० नवे शब्द धरले तर पहिल्या आठवड्यात उजळणी थोडी असते, म्हणून ते सुखाचं वाटतं. पाचवा आठवडा संपला की पाचही फेऱ्या एकाच दिवशी पडतात : ४० गुणिले ५, म्हणजे २०० कार्डं. एकेक १२ सेकंदांत झालं तरी ४० मिनिटं. नव्या ४० शब्दांना प्रत्येकी दोन मिनिटं धरली की आणखी ८० मिनिटं. झाले दोन तास, आणि चुकलेली कार्डं यात धरलेलीच नाहीत. भौतिकशास्त्र, गणित सांभाळून हे कुणालाच जमणार नाही.

रोज ८ शब्द घ्या. नव्यांना १६ मिनिटं, उजळणीच्या ४० कार्डांना ८ मिनिटं, चुकलेल्यांना थोडी वाढीव. अर्ध्या तासात आटोपतं. शेवटचे २० दिवस नवा शब्द घ्यायचा नाही आणि आठवड्यातला एक दिवस फक्त उजळणीचा. असं धरलं तर चार महिन्यांत ६५० ते ७०० शब्द होतात. तेवढे नेमके येत असले तर बाराशे अर्धवट शब्दांपेक्षा जास्त गुण देतात.

कोणते शब्द घ्यायचे, हेही पाहायला हवं. आधी बारावीच्या युवकभारतीची कुठलीही तीन पानं काढून बघा. एका पानावर पाच-सहाहून जास्त शब्द अडत असतील तर पहिला महिना त्याच शब्दांना द्या. पाया कच्चा असताना अवघड शब्द घेतले तर ज्या वाक्यात ते येतात, ते वाक्यच कळत नाही. त्यानंतर मागच्या वर्षांच्या पेपरांतले शब्द, चारही पर्यायांसकट, कारण आजचा चुकीचा पर्याय पुढच्या पेपरात उत्तर म्हणून येऊ शकतो. मग वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी केलेली आणि २००० साली प्रसिद्ध झालेली शैक्षणिक शब्दयादी घ्या. त्यात ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) आहेत, ती इंटरनेटवर मोफत मिळते आणि उताऱ्यांवरच्या प्रश्नांना तिचा थेट उपयोग होतो. क्लासची जाडजूड यादी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतो आहे. एकसारखे दिसणारे शब्द हमखास चुकतात. विरुद्धार्थी शब्दांतही अर्थ माहीत असून गुण जातात.
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीत ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत, त्यामुळे हे दुखणं लवकर काढलेलं बरं.

तुझ्या वहीत उच्चार देवनागरीत आणि समोर मराठी अर्थ असा मामला असणार. ‘डिसेंट’ हा शब्द घेऊ. देवनागरीत तो एकच दिसतो, इंग्रजीत ते तीन शब्द आहेत. डी-ई-सी-ई-एन-टी म्हणजे सभ्य, बऱ्यापैकी. याचा जोर पहिल्या अवयवावर आहे, खरा उच्चार ‘डीसन्ट’च्या जवळ जातो. डी-ई-एस-सी-ई-एन-टी म्हणजे उतरण, किंवा वंश. डी-आय-डबल एस-ई-एन-टी म्हणजे उघड मतभेद. शेवटचे दोन उच्चारातही वेगळे होत नाहीत, स्पेलिंग हीच त्यांची ओळख. उतरणीचा शब्द ‘असेंड’चा भाऊ आहे आणि ‘असेंड’मधलं एस-सी त्यातही आहे. मतभेदाचा शब्द ‘डिसॲग्री’सारखाच डी-आय-एसने सुरू होतो. असा धागा प्रत्येक जोडीला शोध.

अबेटचंही तसंच. शेवटी टी-ई असलेला म्हणजे ओसरणं, शेवटी ई-टी असलेला म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणं. म्हणूनच वहीत इंग्रजी लिपी हवी. देवनागरीत लिहिलेला उच्चार जोर सांगण्यापुरता ठीक, पण शब्दाची नोंद त्यावर ठेवलीस तर असे जुळे शब्द कधीच सुटे होणार नाहीत. एमिनंट आणि इमिनंट (एक नामवंत, दुसरा येऊन ठेपलेला), प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब (एक लिहून देणं, दुसरा बंदी घालणं), ॲडव्हर्स आणि अव्हर्स (एक प्रतिकूल, दुसरा नावड असलेला) ही त्याच जातीची नेहमीची गिऱ्हाइकं आहेत. जोडीतला एक शब्द पक्का झाल्यावरच दुसरा उचल.

विरुद्धार्थी शब्दांत सापळा वेगळा असतो. ‘फ्रूगल’चा विरुद्धार्थी विचारला आणि पर्याय आहेत मायझर्ली, जनरस, एक्स्ट्रॅव्हगंट, पुअर. फ्रूगल म्हणजे काटकसरी, आणि हा चांगला गुण आहे. मायझर्ली म्हणजे चिक्कू. तो अर्थाने जवळचा, पण वाईट छटेचा. घाईत वाचणारा समानार्थी समजून तोच टिपतो. दुसरी चूक जनरसची. उदार हा चिक्कूच्या विरुद्ध आहे, काटकसरीच्या नव्हे. काटकसरीच्या विरुद्ध उधळ्या, म्हणजे एक्स्ट्रॅव्हगंट. यावर उपाय असा की कार्डाच्या कोपऱ्यात अधिक किंवा उणे चिन्ह कर : चांगली छटा की वाईट. रेटिसंट म्हणजे मितभाषी, तिथे चिन्ह नको. टॅसिटर्न म्हणजे घुमा, त्याला उणे. आणि पेपरात ‘विरुद्धार्थी’ या सूचनेखाली पेन्सिलने रेघ मारल्याशिवाय पर्याय वाचायचेच नाहीत.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. लॅटिन-ग्रीक धातू शिकवून शब्द वाढवा असं सगळीकडे सांगतात, पण आमच्या मुलांना लॅटिन म्हणजे आणखी एक परकी यादी वाटते.
– शिक्षिका, कुडाळ

उत्तर : मॅडम, लॅटिनऐवजी मुलांना माहीत असलेल्या संस्कृत शब्दांपासून सुरुवात करून बघा. संस्कृत, लॅटिन, ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या. इंग्रजीने हे शब्द संस्कृतातून उचलले असं नव्हे, मूळ सामाईक आहे, हे वर्गात आधी स्पष्ट सांगा. मग फळ्यावर मर्त्य लिहा आणि शेजारी मॉर्टल. अमर्त्यशेजारी इमॉर्टल, आणि मग मॉर्च्युअरी, मॉर्टॅलिटी मुलं स्वतःच सांगतील. नव घेतलं की नॉव्हेल, नॉव्हिस, इनोव्हेट, रेनोव्हेट. दान घेतलं की डोनेट, डोनर. ज्ञा धातूवरून कॉग्निशन, रेकग्नाइझ, इग्नोरंट, ॲग्नॉस्टिक. स्थावरून स्टेबल, स्टॅटिक, स्टेशन. द्विवरून ड्युअल, डुप्लिकेट, आणि दोन मनांत अडकलेला तो ड्युबियस. नकाराचा अ आणि अन् तर जसाच्या तसा भेटतो : ॲमॉरल, ॲनार्की. आठवड्याला एकच धातू, तासाच्या सुरुवातीची आठ मिनिटं, चार-पाच शब्द. तेवढं पुरतं.

धातूंवर विसंबून अर्थ ठोकून देण्याची सवय मात्र लागू देऊ नका, परीक्षा तिथेच पकडते. एनर्व्हेट ऐकला की मुलांना एनर्जी आठवते. अर्थ आहे गलितगात्र करणं. लॅटिन नर्व्हस म्हणजे स्नायू, कंडरा, आणि सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे बाहेर, तेव्हा ताकदच काढून घेतलेली. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, अर्थ आहे दुर्गंधीयुक्त, किळसवाणा. रेस्टिव्ह म्हणजे विश्रांती घेणारा नव्हे, आवरेनासा, अस्वस्थ. इनव्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य, आणि इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं. या दोन शब्दांवर तर वेगळा तास घेण्यासारखा आहे, कारण ‘इन्’ म्हणजे नकार हे मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. टँकरच्या मागे लिहिलेला इन्फ्लेमेबल चुकीचा वाचणं परीक्षेपलीकडेही महागात पडेल. धातूने अर्थाचा अंदाज करायचा आणि खात्री वाक्यावरून करायची, हा क्रम त्यांना लावून द्या.

प्रश्न : कार्डं हाताने करू की मोबाइलवर ॲप वापरू?
– विद्यार्थी, अकोला

उत्तर : मोबाइल हातात घेतल्यावर दहा मिनिटांत खाली ठेवता येत असेल तर अँकी हे कार्डांचं ॲप घे. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते मोफत आहे आणि कोणतं कार्ड कधी दाखवायचं हे स्वतःच ठरवतं. दुसऱ्यांचे तयार संच उतरवू नकोस. नेमका मराठी अर्थ शोधण्यातच निम्मा अभ्यास होतो, तो तयार संचात बुडतो.

मोबाइल खाली ठेवता येत नसेल तर चपलांचं खोकं घे आणि त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी काढायचा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मुलं इथे स्वतःला सूट देतात आणि अर्धवट आठवलेलं कार्ड पुढे सरकवतात. स्पेलिंगसकट आलं नाही तर ते चुकलं.

प्रश्न : मुलगी इथे अकरावीत आहे. माझ्या भाच्याने २०१२ मध्ये एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) दिली होती, त्याच्या शब्दांच्या जाड याद्या जपून ठेवल्या आहेत. तिला त्याच देऊ का?
– पालक, न्यू जर्सी

उत्तर : नका देऊ. ती परीक्षा आता राहिलेली नाही. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्येच गेले, साधर्म्याचे २००५ मध्ये, आणि भाच्याने सोडवलेले वाक्यपूर्तीचे प्रश्न २०१६ च्या बदलात गेले. २०२४ पासून अमेरिकेत परीक्षा डिजिटल आहे. वाचन-लेखनाचे २७ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकाला ३२ मिनिटं. छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न, आणि संदर्भातल्या शब्दांचे प्रश्न भागाच्या सुरुवातीलाच येतात. आज तिथे दुर्मीळ शब्द क्वचित विचारतात. सब्स्टँशिएट, टेन्युअस, अँबिव्हॅलंट असे अभ्यासाच्या लिखाणात नेहमी येणारे शब्द विचारतात.

पद्धत अशी. आधी पर्याय झाकायचे. समजा उतारा सांगतो : एका अभ्यासकाच्या मते या झाडाचं परागीभवन फक्त वटवाघळं करतात, मात्र रात्रभर लावलेल्या कॅमेऱ्यांत पतंगही फुलांवर परागकण नेताना दिसले, त्यामुळे तो दावा ‘अमुक झाला’. रिकाम्या जागी तिने आपला शब्द घालावा, मराठीत सुचला तरी चालेल. ‘मात्र’मुळे दिशा उलटली आहे, तेव्हा दावा डळमळला, पोखरला गेला. आता पर्याय उघडायचे : सब्स्टँशिएट, अंडरमाइन, रीइटरेट, अँटिसिपेट. पोखरणं म्हणजे अंडरमाइन, खालून माती काढून घेणं. पर्याय आधी वाचले की मन त्यांतला एखादा भारदस्त शब्द बसवायला बघतं आणि ‘मात्र’ नजरेतून सुटतो. तिच्याकडे जुने पेपर असतीलच, त्यांतले ‘मात्र’, ‘तरीही’, ‘म्हणूनच’ या अर्थाचे जोडशब्द आठवडाभर नुसते गोल करायला सांगा.

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचतो, तरी शब्द वाढत नाहीत. आणि उत्तर येत नसेल तर ठोकून द्यावं की सोडावं?
– विद्यार्थी, नागपूर

उत्तर : सगळं वर्तमानपत्र नको, एक अग्रलेख घे आणि दोनदा वाच. पहिल्यांदा शब्दकोशाला हात न लावता, अडलेल्या शब्दांना फक्त टिंब. दुसऱ्यांदा त्यांतले जास्तीत जास्त पाच निवड, आधी वाक्यावरून अर्थाचा अंदाज मराठीत लिही, मग शब्दकोश बघ. अंदाज चुकला असेल तर का चुकला ते एका ओळीत टीप. प्रत्येक शब्दाला थांबलास तर दहा मिनिटांचा लेख तासभर चालतो आणि तिसऱ्या दिवशी बंद पडतो.

ठोकण्याचा हिशेब परीक्षेनुसार बदलतो. सीयूईटीत २०२५ पासून ५० प्रश्न, ६० मिनिटं, सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला ५, चुकीला उणे १. चारांतून डोळे मिटून टिपलं तरी सरासरी अर्धा गुण मिळतो, दोन पर्याय खोडता आले तर दोन गुण. तेव्हा तिथे सोडू नकोस. एनडीएच्या इंग्रजीत बरोबरला ४ आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा, म्हणजे आंधळ्या टिपण्याची सरासरी बरोबर शून्य. एक तरी पर्याय खात्रीने खोडला असेल तरच टिपायचं. क्लॅटमध्ये (कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा) बरोबरला १, चुकीला पाव गुण वजा, त्यामुळे आंधळा फायदा नगण्य आणि एक पर्याय खोडल्यावर थोडा बरा. ज्या वर्षी बसशील त्या वर्षीच्या माहितीपत्रकात हे आकडे पुन्हा तपासून घे.

वेळेचंही बघ. सीयूईटीत प्रश्नामागे सरासरी ७२ सेकंद येतात, पण उतारे त्याहून जास्त खातात. म्हणून शब्दार्थाचा प्रश्न २५ ते ३० सेकंदांत सुटायला हवा. घड्याळ लावून २० शब्दप्रश्नांचा संच १० मिनिटांत सोडव, आठवड्यातून दोनदा. वेळेत न सुटलेल्या प्रश्नांतले शब्द आणि चुकलेले शब्द, दोन्ही पहिल्या कप्प्यात टाक.